सर्वेक्षण पुढे, गाडी मागून

हजार रुपयांत काय येतं? बऱ्यापैकी हॉटेलात दोघांचं जेवण. किंवा एक नवा रेल्वेमार्ग.

थट्टा नाही. रेल्वेच्या अर्थसंकल्पाबरोबर कामांची एक जाडजूड यादी निघते, तिला पिंक बुक म्हणतात. त्यात काही नव्या मार्गांपुढे वर्षाची तरतूद छापलेली असते: १,००० रुपये. प्रकल्प बंद केला असं जाहीर करायला छाती लागते. जिवंत ठेवायला हजार रुपये पुरतात.

मग साहेब मतदारसंघात येतात आणि ठणकावून सांगतात, "तरतूद झालेली आहे!"

खोटं कुठे बोलतात?

२०१४ च्या जुलैत रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी लोकसभेत भाषण केलं. अर्थसंकल्पाचं भाषण होतं, पण त्यात एक दुर्मीळ गोष्ट घडली. मंत्र्याने हिशेब सांगितला. आधीच्या दहा वर्षांत ९९ नवे मार्ग मंजूर झाले, ६०,००० कोटींचे. पूर्ण किती? एक.

नव्व्याण्णव नाही. एक.

तीस वर्षांचा हिशेब त्याहून मजेदार होता. १,५७,८८३ कोटींचे ६७६ प्रकल्प मंजूर, त्यांतले ३१७ पुरे, ३५९ रखडलेले. आणि रखडलेल्यांना लागणार १,८२,००० कोटी. म्हणजे निम्मं काम उरकल्यावर उरलेल्या निम्म्याची किंमत सगळ्याच्या सगळ्या कामापेक्षा जास्त. असं गणित शाळेत सोडवलं तर मास्तर कान पिळतात. दिल्लीत त्यावर बाकं वाजतात.

तर मुद्दा असा, की नवा रेल्वेमार्ग कुठून कुठे न्यायचा हे ठरतं तरी कसं?

तुमच्या-माझ्यासारखा भाबडा माणूस म्हणेल, सोपं आहे. रोज कुठून कुठे माणसं जातात, किती वाजता जातात, कशासाठी जातात, ते बघा आणि त्या बाजूला रूळ टाका. कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखा, जिल्हा रुग्णालय, एमआयडीसीची पहिली पाळी. यांना सकाळी वेळेवर पोचवेल आणि रात्री घरी आणेल तो मार्ग.

चूक. सपशेल चूक.

रेल्वेमार्ग ठरवताना आमदाराला विचारतात, खासदाराला विचारतात, साखर कारखान्याला, सिमेंट कारखान्याला, बंदराला, देवस्थानाला आणि अलीकडे दुर्बिणीलाही विचारतात. (दुर्बिणीकडे येऊच.) एकाला तेवढं विचारत नाहीत. तिकीट काढून बसणाऱ्याला.

तसं नाही म्हणायला रेल्वेकडे एक फूटपट्टी होती. नव्या मार्गातून गुंतवणुकीवर १४ टक्के परतावा मिळतो का, ही वर्षानुवर्षांची कसोटी. जिथे उद्योग आहेत, माल आहे, पैसा आहे, तिथे हा परतावा निघतो. जिथे रेल्वे नाही म्हणून उद्योग आला नाही, तिथे तो निघत नाही. आणि परतावा निघत नाही म्हणून तिथे रेल्वे जात नाही. नोकरीसाठी अनुभव लागतो आणि अनुभवासाठी नोकरी, हे आपल्या पोरांना माहीत आहे. मराठवाड्याला ते शंभर वर्षांपासून माहीत आहे.

मग परताव्यात न बसणारे मार्ग 'सामाजिक गरज' म्हणून मंजूर होतात. सामाजिक गरज कोण ठरवतं? ज्याचा दिल्लीत आवाज मोठा, तो. समाज त्याच्या मतदारसंघात राहतो, बाकीचे नुसतेच राहतात.

आता बीडचं उदाहरण घ्या. घ्यायलाच हवं. अहमदनगर–बीड–परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. त्या वर्षी जन्मलेल्या पोराने शाळा केली, कॉलेज केलं, पुण्याला नोकरीला गेला, लग्न केलं, त्याला पोरं झाली. गाडी बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. दरम्यान अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नाव बदलायला रूळ लागत नाहीत.

तीस वर्षांत १६७ किलोमीटर. भागाकार करून बघा, दिवसाला पंधरा मीटर पडतात. तेवढं तर आजारी माणूसही कण्हत-कण्हत चालतो. सुरुवातीला खर्च धरला होता साडेतीनशे कोटींच्या घरात, तो जाऊन टेकला ४,८०५ कोटींवर. निम्मा भार राज्याने उचलला. परळीपर्यंतचे ९४ किलोमीटर तेव्हा उरलेले होते.

बीडकरांनी यासाठी काय नाही केलं? मोर्चे, धरणं, रास्ता रोको, उपोषणं. गावोगावी रेल्वे कृती समिती. अशा समितीची ओळख म्हणजे तिचं लेटरहेड. वर संस्थापक अध्यक्षांचा फोटो, त्याला हार. खाली कार्याध्यक्ष म्हणून चिरंजीव आणि युवक आघाडीत नातू. मागणी तीच, टाइप मात्र आधी सायक्लोस्टाइल, मग डीटीपी, आता व्हॉट्सॲप. महाराष्ट्रात तीन पिढ्या टिकलेला घरगुती उद्योग कुठला असं कुणी विचारलं, तर पापडाच्या आधी या समित्यांचं नाव घ्यावं लागेल.

पण खरी गंमत रूळ पडल्यावर सुरू होते.

२३ सप्टेंबर २०२२. नगर ते नवी आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा तयार झाला. झेंडा हलला, फुलं उधळली, फटाके वाजले, श्रेयाचे फलक लागले. (फलकावर किती जणांचे फोटो मावतात, याची आष्टीतही कसोटी लागली असणार.) गाडी सुरू झाली. वेळापत्रक काय? सकाळी पावणेआठला नगरहून निघणार, साडेदहाला आष्टीत. अकराला आष्टीहून निघणार, दोनच्या सुमारास नगरात.

पुन्हा वाचा.

आष्टीच्या माणसाला नगरला काम असतं. नगरच्या माणसाला सकाळी साडेदहाला आष्टीत काय काम असतं, हे ज्याने वेळापत्रक केलं त्यालाच ठाऊक. आष्टीचा शेतकरी दवाखान्याला निघाला तर पोचणार दुपारी दोनला. ओपीडी बंद. कोर्टात तारीख असेल तर वकील जेवायला. कॉलेज असेल तर सुटलेलं. आणि परत यायला? उद्या सकाळी पावणेआठला या, गाडी तयार आहे.

सहासष्ट किलोमीटरला पावणेतीन-तीन तास. एसटीचं डबडं म्हणून कितीही नावं ठेवा, ती दीड-दोन तासांत सोडते आणि स्टँडवर सोडते.

गर्दी होईना. मग सुरू झाली कुजबुज, 'बघा, लोकांनाच रेल्वे नकोय.' दुकान दुपारी एक ते तीन उघडं ठेवायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून गावाला नावं ठेवायची!

पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये याच डिझेलच्या डेमू गाडीला आग लागली. डबे जळाले, सुदैवाने माणसं सगळी वाचली. गाडीला गर्दी नसण्याचा एवढाच काय तो फायदा.

आता बीडपर्यंतची गाडी. तीही डेमूच. १६७ किलोमीटरला पाच तासांच्या वर. तीस वर्षं थांबलेल्या माणसाला पाच तासांचं काय एवढं, असा विचार झाला असावा. सहनशक्ती तर सिद्धच आहे.

आणि एक विचारू? बीड जिल्ह्यातून सगळ्यात मोठी माणसांची ये-जा कुठली? दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडी-कोंबड्या-लेकरांसकट. उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. अपघाताची बातमी दर हंगामात ठरलेली. या लोकांना धरून एखादी गाडी, एखादं वेळापत्रक, एखादा जादा डबा? रूळ त्याच दिशेला जातात ना?

पण ऊसतोड मजुराची कृती समिती नसते. लेटरहेड कुठून आणणार?

इंग्रजांचं बरं होतं, असं म्हणायचा मोह होतो. आवरा. इंग्रजांनी रेल्वे आपल्या आजोबांसाठी नाही, कापसासाठी आणली. १८७० मध्ये खामगावला फाटा टाकला आणि उद्घाटनाला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगावच्या माणसांवरचं प्रेम नव्हे. कापसाचा बाजार होता.

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला घ्या. किलिक निक्सन या विलायती कंपनीची नॅरोगेज, तीही वऱ्हाडच्या कापसासाठी. १९९४ पर्यंत वाफेवर धावली. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, शकुंतला तेवढी कंपनीच्या नावावरच राहिली. कवितेसारखी जपली आणि कवितेसारखीच दुर्लक्षित ठेवली. शेवटी थांबली. आता यवतमाळकर वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाची वाट बघतात. २८४ किलोमीटर, मंजुरी २००८ ची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी यवतमाळला येऊन या मार्गाच्या एका टप्प्याला हिरवा झेंडा दाखवला. कुठपासून कुठपर्यंत? वर्धा ते कळंब.

कार्यक्रम यवतमाळात. रेल्वे कळंबपर्यंत.

पण निदान कापसाच्या गाठीला कुठे जायचंय हे इंग्रजांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याला माणसाला कुठे जायचंय हे अजून सर्वेक्षणाने कळायचंय.

खामगाववरून आठवलं. खामगाव–जालना. चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, म्हणजे जिजाऊंच्या माहेरावरून जाणारा मार्ग. मागणी इंग्रज असल्यापासूनची. सर्वेक्षणं किती झाली याचंच आता सर्वेक्षण करावं लागेल. बुलढाणा जिल्ह्याच्या मुख्यालयाला आजही रेल्वे नाही. जिजाऊंच्या जयंतीला हेलिकॉप्टरं मात्र वेळेवर उतरतात.

गडचिरोलीलाही नाही. वडसा ते गडचिरोली, ५२ किलोमीटर. बावन्न! त्यात जंगल आडवं आलं, परवानग्या आडव्या आल्या, वर्षं आडवी आली. आता सुरजागडचं लोहखनिज निघू लागलंय आणि त्या भागात पुढच्या मार्गांची चर्चा रंगलीय. माणसाला जन्माला येऊन जे जमलं नाही ते दगडाने करून दाखवलं.

स्वतःच्या हिमतीवर रूळ टाकणारे आपल्यातही होते, बरं का. कोल्हापूर संस्थान. १८८८ मध्ये किशोरवयीन शाहू महाराजांच्या हस्ते पहिली कुदळ पडली, १८९१ मध्ये कोल्हापूर–मिरज गाडी सुरू. तीन वर्षं. ना डीपीआर, ना पीपीपी, ना गतिशक्ती.

तेव्हापासून कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. पुढे कोकणात उतरायला कोल्हापूर–वैभववाडी, १०७ किलोमीटर. हा मार्ग दर दोन-तीन वर्षांनी 'मार्गी लागतो'. मराठी वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त वेळा मार्गी लागलेला आणि तरीही मार्ग नसलेला हा एकमेव मार्ग असावा. इकडे कऱ्हाडकर म्हणाले, आम्ही काय घोडं मारलंय? म्हणून कऱ्हाड–चिपळूण. तिथे खासगी भागीदार आला, बघितलं, हिशेब केला आणि निघून गेला. तो व्यापारी होता. घाट दिसल्यावर त्याने आकडे मोजले. आपण घाट दिसल्यावर भाषण करतो.

सह्याद्रीतून दोन मार्ग. दोन्ही एकाच वेळी परवडत नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल. मग आधी कुठला? हा प्रश्न कुणीही विचारत नाही, कारण उत्तर दिलं की एक जिल्हा रुसतो. त्यापेक्षा दोन्ही मंजूर करावेत आणि एकही करू नये. समन्याय म्हणतात तो हाच.

आता या बहुचर्चित पुणे–नाशिककडे.

ही दोन शहरं अडीचशे किलोमीटरच्या आत. दोन्हीकडे कारखाने, कॉलेजं, लाखो माणसं. आणि दोघांमध्ये थेट रेल्वे नाही. जायचं तर कल्याणवरून फिरा, नाहीतर दौंड–मनमाडवरून. म्हणून सेमी हायस्पीड मार्ग ठरला. २३५ किलोमीटर, १६,०३९ कोटी, ताशी २०० किलोमीटर, पावणेदोन तासांत नाशिक. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. एकदाचं कुणीतरी नकाशाऐवजी रस्त्यावरची गर्दी बघितली म्हणायची. राज्याने मंजुरी दिली, सिन्नरसारख्या तालुक्यात जमिनींची थेट खरेदीही सुरू झाली.

आणि मग दुर्बीण दिसली.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. वेगवान विजेच्या गाडीचा तिच्या कामाला त्रास होतो, हे शास्त्रज्ञांचं म्हणणं. बरोबरच आहे. दुर्बीण वाचलीच पाहिजे, त्यात वाद नाही. वाद एवढाच, की ती काल रात्री उगवली का? १९९० च्या दशकापासून ती तिथे उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. हायवेवरून जाणाऱ्या एसटीतल्या पोरांना दिसतात. विश्वाच्या टोकाचे क्षीण संकेत तिला ऐकू येतात, आणि तिचं म्हणणं मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर ऐकू जायला मार्ग ठरून, खर्च ठरून, जमिनी घेऊन व्हाव्या लागतात!

बरं, मग दुर्बिणीला वळसा घाला. थोडं अलीकडून, थोडं पलीकडून. चार-पाच पर्याय काढा, गावकऱ्यांपुढे ठेवा. छे. वळसा घालायचा तर मराठी माणसाने भव्य घालावा. नवा विचार निघाला, नाशिक–शिर्डी–अहिल्यानगर–पुणे.

आता नीट बघा. नाशिकला रेल्वे आहे. शिर्डीला रेल्वे आहे. नगरला आहे. पुण्याला आहे. संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर? यांतल्या एकालाही नाही.

म्हणजे ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांच्या दारावरून दुसरी गाडी.

जुन्नर-संगमनेरकडे आंदोलनं पेटली. खासदार-आमदारांनी सभागृहात आवाज चढवले. ज्यांची जमीन जुन्या आखणीत गेली त्या शेतकऱ्यांचं काय? आधी म्हणाले, विकासासाठी द्या. दिली. आता म्हणतात, विकासाने रस्ता बदलला. सातबाऱ्यावरून नाव गेलं, ते कुठल्या वळशाने परत येणार?

आणि आखणी बदलली की एक जमात फार खूश होते. ज्यांना कुठल्या गट नंबरची पट्टी जाणार हे रेल्वेच्या आधी कळतं ती. पांढऱ्या गाडीतून येतात, बांधावर उभे राहतात, फोनवर बोलतात, आणि महिन्याभरात त्या माळाला एकरी भाव फुटतो. प्रवासी वाहतुकीचा अंदाज बांधायला रेल्वे सल्लागार नेमते, फुकटची फी देते. त्यापेक्षा या मंडळींना विचारलं असतं तर? त्यांचा अंदाज आजवर चुकल्याचं ऐकिवात नाही.

मध्येच हायपरलूपही येऊन गेलं, आठवतं? पुणे–मुंबई पंचवीस मिनिटांत. २०१८ मध्ये सामंजस्य करार, २०१९ मध्ये राज्याकडून सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा. २०२३ च्या अखेरीस ती आणणारी परदेशी कंपनीच बंद पडली. पंचवीस मिनिटांची गाडी पाच वर्षांत नळीतून बाहेर पडली नाही. बरं झालं, भूमिपूजनाआधी पडदा पडला. नाहीतर हजार रुपयांची तरतूद तिच्या नावानेही चालू राहिली असती.

घोषणांना ऋतू असतो. २०२४ चा पावसाळा घ्या. ९ ऑगस्टला केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव मंजूर केला, १७४ किलोमीटर, सात हजार कोटींच्या वर. २ सप्टेंबरला मनमाड–इंदूर, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात. पाऊस त्या वर्षी वेळेवर झाला म्हणायचा.

मार्ग वाईट आहेत का? मुळीच नाहीत. मालेगाव-धुळे-शिरपूर पट्ट्याला रेल्वे हवीच, अजिंठ्याला जाणाऱ्या माणसानेही एसटीच्या टपावरून लेणी का बघावीत? फक्त जे आधी रांगेत उभे आहेत, वर्धा-नांदेडवाले, परळीवाले, गडचिरोलीवाले, त्यांनी नव्या पाहुण्यांना जागा करून द्यायची. आपल्याकडे लोकलमध्ये हेच होतं. चौथी सीट कायम नंतर येणाऱ्याची.

कोकण रेल्वेचं उदाहरण देऊन लोक मला गप्प करतात. ते बघा, १९९० मध्ये महामंडळ, १९९८ मध्ये गाडी. आठ वर्षांत सातशे चाळीस किलोमीटर. दंडवते, फर्नांडिस, श्रीधरन. मान्य. हात जोडतो. लोकांकडून रोख्यांनी पैसा उभा केला, डोंगर पोखरले, नद्या ओलांडल्या. गोव्यात आखणीवरून रण पेटलं, काम थांबलं, चौकशी आयोग बसला, तरी मार्ग झाला.

पण राजापूरकराला विचारा, तुमचं स्टेशन कुठे. तो हात लांब करून दाखवतो. हात पुरत नाही. सावंतवाडीकराला विचारा. रत्नागिरीत स्टेशनवर उतरलेल्या माणसाला विचारा की शहरात जायला रिक्षावाल्याने काय घेतले. मुंबईहून एवढे तास बसून येणारा चाकरमानी शेवटच्या काही किलोमीटरला जे मोजतो, ते ऐकून तिकीट स्वस्त का आहे ते कळतं.

अभियंत्याला सरळ रेघ आवडते. माणसं वाकडीतिकडी राहतात. दोष माणसांचा.

उलटंही होऊ शकतं, हे उस्मानाबादने, म्हणजे आताच्या धाराशिवने दाखवलं. बार्शी लाइट रेल्वेची जुनी नॅरोगेज शहराला टाळून येडशीवरून जायची. लातूरची ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला आणि जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळालं. जमतं म्हणजे. मनात आलं की अभियंत्याची पेन्सिलही वळते.

आणि कोकणच्या रुळांवर धावतं काय? दादर–रत्नागिरी पॅसेंजर. धावत होती. करोनानंतर ती दादरला येत नाही, दिव्याला थांबते. गणपतीला गावी निघालेल्या म्हातारीने गाठोडी घेऊन लोकलच्या गर्दीतून आधी दिवा गाठायचा, मग कोकण. वंदे भारत मात्र सीएसएमटीच्या फलाटावरून सुटते. तिच्यात गाठोडी ठेवायला जागा आहे, पण गाठोडीवालीला तिकीट परवडेल अशी नाही.

करोनाच्या काळात आणखी एक जादू झाली होती. साध्या पॅसेंजर गाड्या एका रात्रीत 'एक्सप्रेस' झाल्या. वेग तोच, थांबे तेच, डबे तेच, डासही तेच. फक्त किमान भाडं दहाचं तीस. चार वर्षं लोकांनी ते भरलं. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर पुन्हा दहावर आलं. (महिना कुठला म्हणालात? हो, लोकसभेच्या आधीचाच.)

पुणे–दौंडची वेगळीच तऱ्हा. विजेच्या तारा आल्या. लोकांना वाटलं, आता लोकल. २०१७ मध्ये गाडी सुरूही झाली. विजेच्या तारांखालून, डिझेलवर चालणारी डेमू. लोकलसाठी फलाटांची उंची जुळत नाही म्हणे. तारा टाकताना फलाट दिसले नव्हते? की तेही दुर्बिणीतून बघायचे होते? दौंडकर तेव्हापासून उपनगरी दर्जा मागतायत. दर्जा म्हणजे काय, तर सकाळी कामावर आणि रात्री घरी. नवा रूळ नको, नवा बोगदा नको, नवी जमीन नको. म्हणूनच होत नसेल. ज्या कामात भूमिपूजन नाही ते काम कोण करणार?

नागपूर–नागभीड. तिथे चालती नॅरोगेज होती. ब्रॉडगेज करायची म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात बंद केली. हळू का होईना, ती उमरेड-भिवापूरच्या माणसाला नागपूरला नेत होती. आता पुढची वेगवान येईपर्यंत त्याने बसने जावं आणि प्रगती खिडकीतून बघावी. खिडकी मिळाली तर.

आणि सगळ्यात वर अलिबाग.

जिल्ह्याचं ठिकाण. रेल्वे नाही असं सगळे म्हणतात. आहे की! पेणपासून थळपर्यंत रूळ आहेत, वर्षानुवर्षं आहेत. पूल आहेत, भराव आहेत, सिग्नल आहेत. थळच्या खत कारखान्यासाठी टाकलेले. त्यावरून युरियाच्या गोण्या जातात. प्रवासी गाडी सोडा ही मागणी जुनी, तिला आश्वासनंही जुनीच. जमीन घ्यायला नको, डोंगर फोडायला नको, दुर्बीण आड येत नाही.

तर गोण्या रेल्वेने निघतात, वेळेवर पनवेलकडे जातात. आणि अलिबागकर तासन्‌तास वडखळ नाक्यावर गाडीत बसून पुढच्या ट्रकचा नंबर पाठ करतो.